घरशाळेच्या घरातले प्रश्न : डोळे, डबे, पाढे, उवा

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे अभ्यासक्रमाबद्दल जवळजवळ कुणीच विचारलं नाहीये, सगळं डोळे, स्वयंपाक, आजोबा, उवा असलंच. मला बरंच वाटलं. मी स्वतः दोन पोरांना दहा वर्षं घरी शिकवलं, गणित-भूगोल कसंही होऊन जातं हो, पण शाळा बाकीची जी पंचवीस कामं गुपचूप करत असते ती आपल्या लक्षातच येत नाहीत आणि मग एक दिवस अंगावर येतात. पत्रं थोडी कापलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, आम्ही नाशिकला असतो. मुलगा साडेआठ वर्षांचा, शाळेत कधीच घातला नाही. मागच्या महिन्यात स्टँडवर उभे होतो, समोर एसटी लागली, मी म्हटलं पाटी वाच बरं, तर म्हणतो कुठली पाटी? मला वाटलं मस्करी करतोय. डोळे तपासले तर दोन्हीला नंबर, एकाला पावणेदोन. तेव्हापासून सासूबाई रोज ऐकवतायत की शाळेत असता तर फळ्यावरचं दिसत नाहीये हे बाईंना कधीच कळलं असतं. खरंच आमचं चुकलं का? आणि अजून काय काय राहून गेलं असेल या विचाराने झोप लागत नाहीये.

सासूबाईंचं थोडं बरोबर आहे, ते आधी कबूल करून टाका म्हणजे त्याही गप्प होतील आणि तुम्हालाही हलकं वाटेल. घरी फळा नसतो ना. पुस्तक हातभर अंतरावर, वही मांडीवर, टॅब नाकाला लागलेला, मग लांबचं दिसत नाही हे कळणार कसं, आणि मुलं स्वतःहून कधीच सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं धूसर दिसतं. शाळेतली मुलंही दोन-दोन वर्षं शेजारच्याच्या वहीतून उतरवून काढतात बरं का, त्यामुळे बाईंना लगेच कळलंच असतं असंही काही नाही.

आता एक करा, भिंतीवरचं कालनिर्णय खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाचायला सांगा, पण एकेक डोळा झाकून. दोन्ही उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा वाईटाचं काम करून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मी हे धाकट्या भावंडासाठी सांगतेय, असेल तर त्याचंही आत्ताच बघा, कारण एक डोळा आळशी पडला असेल तर तो सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उपचार जास्त चांगले लागू पडतात, उशिरा तेवढे नाही. आणि हा नुसता घरचा अंदाज झाला. तीन-साडेतीन वर्षांचा असताना एकदा आणि मग दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच, चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर भागवू नका. मुलांचा नंबर बाहुली मोठी करायचे थेंब टाकून काढतात, नाहीतर तो खरा येत नाही. त्या दिवशी जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, तेव्हा अभ्यासाला सुट्टी द्या आणि टोपी घेऊन जा.

नंबर वाढू नये म्हणून काय, तर रोज दीड-दोन तास बाहेर, उघड्यावर, दिवसाच्या उजेडात. याचा फायदा सगळ्यात जास्त नंबर लागायच्या आधी दिसलाय, पण लागल्यावरही सोडायचं नाही. इथे तरी आपण शाळेवाल्यांपेक्षा श्रीमंत आहोत, सकाळी दहाला पोराला मैदानावर सोडायची चैन त्यांना कुठे.

आणि राहून काय गेलं असेल म्हणाल तर लसी आणि जंताची गोळी. बाळपणीच्या लसी सगळे देतात, नंतरच्या विसरतात. पाच-सहा वर्षांचं असताना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, मग दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), परत सोळाव्या वर्षी टीडी. बऱ्याचदा हे शाळेतच होऊन जातं म्हणून आयांच्या डोक्यात नसतं. माझ्याच मुलीचं दहाव्या वर्षीचं राहिलं होतं, बारावं लागलं तेव्हा पायात खिळा घुसला आणि डॉक्टरांनी विचारलं शेवटचं धनुर्वाताचं कधी दिलंय, तर मी नवऱ्याकडे बघतेय आणि नवरा माझ्याकडे. त्या रात्री फाइल काढून बसलो दोघं. या लसी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. जंताच्या गोळीचा राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारीला असतो, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये दुसरी फेरी होते, १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल देतात आणि जी मुलं शाळेत नाहीत त्यांना अंगणवाडीत मिळते. अंगणवाडीच्या ताईंशी ओळख करून ठेवा हो, आपले लोक तिकडे फिरकतच नाहीत, आपल्याला वाटतं ते आपल्यासाठी नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताईंनी रजिस्टर उघडलं, शाळेचं नाव विचारलं, मी म्हटलं घरीच शिकतात, त्यांनी एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि शाळाबाह्य असं लिहून टाकलं. लागलं जरा मनाला. पण गोळी मिळाली, पोरांनी समोर चावून खाल्ली, विषय संपला.

मी कोल्हापूरची. दोन मुली, ११ आणि ७. तीन वर्षं झाली घरी शिकवतेय. शिकवायचा कंटाळा नाही ताई, पण स्वयंपाकघरातून बाहेरच पडता येत नाही. सकाळी पोहे, अकराला भूक, एकला जेवण, चारला परत काहीतरी, मध्ये ओटा आवरतेय तोवर धाकटी फ्रीज उघडून उभी. वर शेजारीण रोज दारातून विचारते, आज पण सुट्टी का? नवरा चांगला आहे पण म्हणतो तू घरीच असतेस ना. डोकं फिरतं.

घरीच असतेस ना. हे वाक्य कुठल्यातरी कारखान्यात तयार होऊन घरोघरी वाटलं जात असावं.

तुम्हाला एक जुगाड सांगते, मला तो चौथ्या वर्षी सुचला, आधी सुचला असता तर माझे केस एवढे पिकले नसते. डबे भरायचे. शाळेत जात नाहीत तरी डबे भरायचे. सकाळी आठ-साडेआठला पोळी-भाजी झाली की प्रत्येकीचा स्वतःचा स्टीलचा डबा, मधल्या सुट्टीचा छोटा वेगळा, पाण्याची बाटली, सगळं जेवणाच्या टेबलावर किंवा खिडकीत मांडून ठेवायचं आणि मग ओटा बंद. बंद म्हणजे बंद, गॅसचा कॉक फिरवून टाकायचा. छोट्या डब्यात दाण्याचा लाडू, चणे-गूळ, काकडी, थालीपीठाचा तुकडा, काय असेल ते. भूक लागली की आपला डबा आपण उघडायचा, कधी खायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, दहालाच संपवला तर एकपर्यंत थांबा. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलाने सव्वानऊला दोन्ही डबे फस्त केले आणि साडेबाराला रडला, मी शेंगदाण्याची बरणी दाखवली आणि पुस्तकात डोकं घातलं. दुसऱ्या आठवड्यात तो घड्याळ बघायला लागला. (घड्याळ शिकवायचं राहिलं होतं त्याला, तेही झालं.) आणि डबा ज्याचा त्याने घासायचा, सात वर्षांची पोर घासते, तळाला जरा तेलकट राहतं, राहू दे.

दुसरं, दुपारी दोन ते चार घर शांत. झोपा, वाचा, चित्रं काढा, छताकडे बघा, पण आईशी बोलायचं नाही, रक्त येत असेल तरच हाक मारायची. अकरा वर्षांची पटकन शिकते, सात वर्षांचीला पंधरा मिनिटांपासून सुरू करा आणि वाढवत न्या. शाळेवाल्या आयांना जे पाच-सहा तास मिळतात ते आपल्याला कुणी देत नाही, आपणच घ्यायचे. त्या दोन तासांत तुम्ही कपड्यांच्या घड्या घालताना दिसलात तर मी स्वतः कोल्हापूरला येऊन ओरडेन.

नवऱ्याला समजावून सांगत बसू नका, त्याने होत नाही. एक पूर्ण वार त्याला द्या, रविवार नाही हां, रविवारी मुलीच सुट्टीच्या मूडमध्ये असतात. सुट्टी काढून एक साधा मंगळवार-बुधवार, आणि तुम्ही सकाळी आठला घराबाहेर. संध्याकाळी परत आल्यावर काही विचारू नका. आमच्याकडे हे झालं त्या दिवशी मी पाचला आले तर नवरा दारातच म्हणाला, ही पोरं दिवसातून किती वेळा खातात? त्यानंतर आमच्या घरात ते वाक्य कुणी बोललं नाही.

शेजारणीला सांगा हो, सुट्टीच आहे. आणि दार लावून घ्या.

आम्ही ताई घरशाळा करतो, दर गुरुवारी आमच्यासारखीच आठ-दहा कुटुंबं बागेत भेटतो. शाळेत जात नाही तरी मुलीच्या डोक्यात उवा!! आल्या कुठून? आणि आई म्हणते रॉकेल लाव.

गुरुवारी आल्या, अजून कुठून. डोक्याला डोकं लागलं की झालं, त्यांना बोनाफाईड लागत नाही.

रॉकेल अजिबात लावायचं नाही, कातडी भाजते, शेजारी गॅस पेटलेला असेल तर पुढचं सांगायला नको. मेडिकलमध्ये परमेथ्रिनचं एक टक्क्याचं औषध मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवून धुवायचं, आणि सात ते दहा दिवसांनी परत एकदा लावायचंच, कारण लिखा त्यातून वाचतात आणि नव्या उवा होऊन बाहेर येतात. लोक पहिल्या वेळेनंतर खूश होऊन सोडून देतात आणि मग म्हणतात औषध बोगस. मधल्या दिवसांत केस ओले करून कंडिशनर चोपडून बारीक दातांच्या फणीने विंचरा, पांढऱ्या कपड्यावर, मोजत. घरात सगळ्यांची डोकी बघा, नवऱ्याचंसुद्धा. आणि गुरुवारच्या ग्रुपवर लाज न बाळगता सांगून टाका, तुम्ही सांगितलंत की आणखी तिघी लगेच कबूल होतील बघा.

मी साताऱ्याचा, वय ७१, निवृत्त शिक्षक. मुलगा-सून पुण्यात असतात, नऊ वर्षांच्या नातवाला शाळेत घालत नाहीत. म्हणतात तो त्याचं त्याचं शिकेल. पोरगा हुशार आहे, इंग्रजीत डायनासोरवर अर्धा तास बोलतो, पण त्याला मराठीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत आणि बाराचा पाढा येत नाही. शिवाय हे कायद्यात बसतं का? काही बोललो तर सून म्हणते बाबा तुम्ही टेन्शन घेऊ नका. टेन्शन कसं घेऊ नको?

काका नमस्कार. आधी कायद्याचं. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण घातलं नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल परवानगीही लिहिलेली नाही, बंदीही नाही. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. आम्ही सगळे त्या मधल्या जागेत राहतोय. पोलीस घरी येतील अशी भीती मनातून काढून टाका, पण सगळं छान कायदेशीर आहे असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तेही अर्धंच खरं.

मराठीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, सूनबाई रागावल्या तरी चालेल. त्याचं त्याचं शिकेल हे इंग्रजीला लागू पडतं कारण ती यूट्यूबवरून दिवसभर ओतली जातेय, मराठी लिहायला कोण ओतणार? ते काम घरातल्या माणसाचं. पण शुद्धलेखनाची वही घेऊन बसू नका, तुम्ही शिक्षक म्हणून सांगतेय, राग मानू नका, तो पळेल. वाण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. तुम्ही सांगायचं, त्याने लिहायचं आणि त्यानेच दुकानात वाचायची. माझ्या मुलाच्या पहिल्या यादीत कोथींबिर, मीट आणि साकर होतं. दुकानदार काका मीट वाचून म्हणाले आम्ही नाही ठेवत बाबा, मटणवाल्याकडे जा, आणि सगळं दुकान हसलं, त्यानंतर मिठाचा ठ त्याने आयुष्यात चुकवला नाही, उलट एवढा मोठा काढतो की दोन ओळी खातो.

बाराच्या पाढ्याचं टेन्शन मी घेणार नाही, येईल तो. त्यापेक्षा तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या कुठल्याच शाळेत त्याला सहजासहजी मिळायची नाही, पावकी, निमकी, पाऊणकी. तुमच्या पिढीला तोंडपाठ आहे ना? एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. अपूर्णांक म्हणून जे प्रकरण चौथी-पाचवीत मुलांच्या डोक्यावरून जातं ते या चालीत बसून कानातून आत जातं. मंडईत घेऊन जा, पाव किलो भेंडी ऐंशी रुपये किलोने किती ते त्याला काढू द्या, सुट्टे पैसेही त्यालाच घेऊ द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलवर पण जमतं, तुम्ही अर्धी ओळ म्हणायची, त्याने उरलेली. आणि डायनासोरचं एकदा मराठीत ऐका त्याच्याकडून, तो अडखळेल तिथे शब्द पुरवा, सुनेला काही बोलायची गरजच पडणार नाही.

एक अजून. तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही मुंबईच्या मालविका जोशीचं विचारलंय, ती घरी शिकून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेली ते खरं का. खरं आहे. पण पूर्ण ऐका, तिने प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली होती, त्यावर तिला तिथे प्रवेश मिळाला, आणि बारावी नव्हती म्हणून आयआयटीचा रस्ता तिला बंदच होता. प्रत्येक लग्नात कुणीतरी आम्हाला हे उदाहरण देतं, जसं शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला तेंडुलकरचं देतात. नातवाला बिचाऱ्याला त्या रांगेत उभं करू नका.

मुलगी १३ ची आहे, ठाण्यात राहतो, चौथीनंतर शाळा सोडली. दहावीचं काय करायचं? कुणी म्हणतं सतरा नंबर फॉर्म, कुणी म्हणतं एनआयओएस. बायको आणि मी यावरून रोज भांडतोय. दोन वाक्यांत सांगा.

दोन वाक्यांत होणार नाही दादा, पण आटोपते.

सतरा नंबर म्हणजे आपल्याच राज्य मंडळाची दहावी, खाजगी विद्यार्थी म्हणून. बाकी मुलांसारखाच अभ्यासक्रम, तसाच पेपर. यात गोची अशी की शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि किमान पाचवी पास लागते, आणि तुमची मुलगी चौथीनंतर बाहेर पडलीय, म्हणजे तुम्ही तिथेच अडकणार. फॉर्म भरायच्या आधी मंडळाच्या विभागीय कार्यालयात जाऊन समोरासमोर विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माहितीवर जाऊ नका.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १९८९ पासून आहे, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालचं. दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, त्यात निदान एक भाषा, ती मराठीही चालते. मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, त्यामुळे दोन विषय आत्ता, तीन पुढच्या वेळी असं तुकड्या-तुकड्याने देता येतं. माझ्या मुलीने असंच दिलं, गणित सगळ्यात शेवटी, त्या एका विषयासाठी आम्ही जे सहा महिने घालवले ते मी इथे सांगत नाही. त्रास म्हणाल तर प्रॅक्टिकल आणि असाइनमेंट, त्यासाठी दिलेल्या केंद्रावर हेलपाटे होतात आणि केंद्र कुठलं मिळेल ते नशिबावर. आमच्या केंद्रावरचे क्लार्क तीन वेळा म्हणाले होते उद्या या.

तुमच्या केसमध्ये मी एनआयओएस म्हणेन. बायको काय म्हणत होती ते मला माहीत नाही, पण बहुतेक तीच बरोबर असेल. आणि एक, आधारचं बायोमेट्रिक पंधराव्या वर्षी परत करावं लागतं, बऱ्याच शाळा कॅम्प लावून करून टाकतात, आपल्याला कुणी आठवण करत नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर ऐन परीक्षेच्या फॉर्मला बोटांचे ठसे जुळणार नाहीत.

ताई, लेकीने (वय १०) परवा रात्री हळूच विचारलं, मी शाळेत जाऊन बघू का? चार वर्षं घरी शिकवलं. मी रात्रभर रडले. घेतील का तिला? कितवीत?

घेतील. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ बघा, जे मूल शाळेत गेलंच नाही किंवा मधेच बाहेर पडलं त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलं असेल ते जास्तीचं शिकवून भरून काढायचं. दहा म्हणजे पाचवीच्या आसपास. सरकारी किंवा अनुदानित शाळेत हे सोपं जातं, खाजगीवाले प्रवेश परीक्षेचं काढतात, तेव्हा शांतपणे सांगा की आठवीपर्यंत अशी चाळणी परीक्षा घेता येत नाही, कायद्याच्या कलम १३ मध्येच मनाई आहे. जन्मदाखला, आधार, आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकांवर तिने काय केलंय त्या वह्या घेऊन जा.

रडलात ते कळतं मला. माझ्या मुलाने हाच प्रश्न अकराव्या वर्षी विचारला होता, गेला, दोन वर्षं राहिला, परत आला, मग अकरावीला परत गेला. पहिल्या दिवशी त्याला सगळ्यात कशाचा धक्का बसला माहितीये? शू लागली तर विचारावं लागतं. ते एवढं आधी सांगून ठेवा. आणि आठ दिवस आधीपासून सहाला उठवायला लागा, बुटांच्या नाड्या बांधता येतात का बघा, आमच्याकडे दहा वर्षं नुसत्या चपलाच होत्या.